रायबागच्या अंगाने अमेरिका

"अमेरिकेला जाताना मधी चहाला कुठं थांबतंय?" असं आमच्या आत्याने विचारलं, तेव्हा घरातली तरुण मंडळी हसली. मी हसलो नाही. तीस वर्षं निपाणीत भूगोल शिकवलेल्या माणसाला तो प्रश्न रास्तच वाटला. आत्याचं सगळं आयुष्य मुक्कामांत आणि भाकऱ्यांत मोजलेलं. पंढरपूर म्हणजे आठ मुक्काम. माहेर म्हणजे एक भाकरी, म्हणजे वाटेत एकदा फडकं सोडायचं आणि झाडाखाली बसायचं. किलोमीटर हे माप तिच्या लेखी सरकारचं. सरकार त्याचे दगड रस्त्याकडेला रोवतं आणि शेरडं त्यांना अंग घासतात.

आमच्या भागात अंतराची मापं तशी पहिल्यापासून सैलच. तंबाखूचा मुलूख, त्यामुळे "एक बिडी वढूस्तवर पोचतासा" असं सांगणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. ती बिडी माणसागणिक लहानमोठी व्हायची. चिकोडीच्या बाजूला गेलं की कानडी सुरू होतं आणि वाट विचारली की उत्तर येतं, "इल्ले ऐती." म्हणजे इथंच आहे. या 'इल्ले'च्या भरवशावर मी एकदा भर उन्हात पाच किलोमीटर चाललो आहे. मराठीतलं 'हे काय, इथंच की' त्याहून फारसं विश्वासू नाही. सीमाभागात दोन भाषांचं ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आहे, त्यातली ही एक.

हा सगळा विषय निघाला नातवामुळे. माझा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तो सुट्टीवर येणार म्हटल्यावर लेकीच्या मुलाने फोन काढला आणि दोन विमानतळांमधलं अंतर काढून देणाऱ्या कुठल्याशा यंत्रात 'बेळगाव ते सॅन फ्रान्सिस्को' असं घातलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं : १३,८०० किलोमीटर, १६ तास ४५ मिनिटं.

"आता निपाणी घाल," मी म्हटलं.

"आजोबा, निपाणी न्हाई ह्यात."

असणार कुठून? निपाणीला विमानतळ नाही, तसं रेल्वे स्टेशनही नाही. आगगाडी हवी तर कोल्हापूर गाठा, नाहीतर चिकोडी रोड. आणि चिकोडी रोड हे स्टेशन चिकोडी गावात असेल अशी समजूत करून घेऊ नका. आमच्याकडे जे काही येतं आणि जातं, ते पुणे-बंगळूर हायवेवरून. तवंदीचा घाट चढायचा आणि उतरायचा. त्या यंत्राच्या दृष्टीने आम्ही दोन विमानतळांच्या मधली मोकळी जागा आहोत.

त्या १६ तास ४५ मिनिटांनी मात्र माझी झोप घालवली. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून सॅन फ्रान्सिस्कोला थेट जाणारं विमानच नाही. मग हे पावणेसतरा तास कुणाचे? रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. हिशेब अगदी पाचवीच्या पोराला जमेल असा आहे. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या पाठीवरून त्यांच्यातलं सर्वांत जवळचं अंतर काढायचं, त्याला ताशी ८५० ने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा. विमान आहे का, परवाना आहे का, वैमानिक जेवला का, याची काही चौकशी नाही. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारून थेट नातवंडांची नावं ठरवावीत, तसला हा प्रकार.

मग मला नाद लागला. सांबरा ते उजळाईवाडी, म्हणजे बेळगाव ते कोल्हापूर, असं घालायला लावलं. सरळ रेषेत ९६ किलोमीटर. आमचं निपाणी या दोन विमानतळांच्या मधे टांगलेलं. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी ब्रिटिश हवाई दलाने केलेली. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. एक साहेबाने बांधलेला, एक आमच्या महाराजांनी, आणि आता एक एका राज्यात, एक दुसऱ्यात. हिशेबाने वेळ आला ३७ मिनिटं. त्यातली सात मिनिटं उडायची, तीस चढायची-उतरायची. एस.टी.ला अडीच तास लागतात, पण त्या अडीच तासांत संकेश्वर, निपाणी आणि कागल लागतं आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या मुलीचं स्थळही कळतं. सात मिनिटांत माणूस पट्टासुद्धा नीट लावत नाही.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुना पृथ्वीगोल काढला. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी दिलेला. त्याच्यावर अजून सोव्हिएत संघ शाबूत आहे. बायकोच्या गजऱ्याचा दोरा घेतला, एक टोक बेळगावच्या आसपास अंगठ्याने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरलं आणि ताणला. दोरा जागचा सरकला आणि सरळ वर गेला. मी तीन वेळा करून पाहिलं. तीस वर्षं मी वर्गात भिंतीवरचा नकाशा टांगून, छडीने डावीकडे दाखवून शिकवत आलो, "अमेरिका आपल्या पश्चिमेला." आणि इथं दोरा पश्चिमेकडे बघायलाच तयार नाही! उत्तरेकडे, तेही किंचित पूर्वेला झुकून. नकाशावर पाहिलं तर बेळगावातून ती वाट निघते रायबागच्या अंगाने.

रायबाग! जिथं माझी मावशी राहायची आणि जिथून परत येताना आम्ही मुलं गाडी चुकावी म्हणून देवाला नवस करायचो, त्या रायबागच्या डोक्यावरून अमेरिकेचा रस्ता जातो. तिथून वर उत्तराखंडात हिमालय चढायचा, तिबेट ओलांडायचा, मंगोलियाच्या कडेने सायबेरियात शिरायचं, आर्क्टिकच्या गोठलेल्या समुद्रावर ७४ अंश उत्तरेपर्यंत जायचं आणि मग अलास्कावरून खाली उतरायचं. गोल वस्तूवरची सर्वांत जवळची वाट ही अशी, सपाट कागदावर बघितली तर वेड्यासारखी लांब वळसा घेतलेली दिसते. दोष पृथ्वीचा नाही, कागदाचा आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत आता कुणी तहसीलदार आहे, कुणी दोन बस पाळतो. त्यांची मी इथं जाहीर माफी मागतो. अमेरिका रायबागकडं आहे.

खरी विमानंही या दोऱ्यावरून जात नाहीत, हा त्यातला पुढचा घोटाळा. तिबेटवरून जाणं ती शक्यतो टाळतात. कारण ऐकलं आणि मला फारच आवडलं. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला, तर श्वास घेता यावा म्हणून वैमानिकाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. आणि तिबेटात जमीनच त्याहून उंच आहे! खाली उतरायला खालीच नाही.

आणि दुसरं कारण आमच्या फार ओळखीचं आहे. आकाशालाही कोगनोळी नाका असतो.

ज्यांना कोगनोळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि आमच्या निपाणी तालुक्यातलं कोगनोळी येतं. एरवी माणूस हा पूल झोपेत ओलांडतो. पण कुठं काही पेटलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अलीकडे-पलीकडे थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबल्या. मग म्हातारीकोतारी माणसं, डोक्यावर गाठोडं, काखेत पोर अशी पायी पूल ओलांडायची आणि पलीकडची दुसरी गाडी धरायची. २०२१ मध्ये कोरोनात तर तिथं चाचणीचा कागद दाखवावा लागे. कोल्हापूरच्या दवाखान्यातून टाके काढून परत येणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला चाळीस किलोमीटरवरचं स्वतःचं घर परमुलूख वाटलं. वरून पावसाळा वेगळाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि निपाणी ते कोल्हापूर या अंतराचं उत्तर 'पाणी उतरंल तेव्हा' असं झालं. त्या यंत्रात हा आकडा येत नाही.

तर तेच वर. युक्रेनचं युद्ध लागलं आणि २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं. फिनलंडच्या हेलसिंकीहून टोकियोला नऊ-साडेनऊ तासांत पोचणारं विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घालत तेरा तास घेऊ लागलं. त्या कंपनीने म्हणे प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र वाटलं. हे वाचून मला वाटलं, दूधगंगेचा पूल पिशव्या घेऊन पायी ओलांडणाऱ्या आमच्या माणसांना निदान एखादा शिक्का तरी कुणी मारून द्यायला हवा होता. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना आणि आपलं त्यांच्या विमानांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास वाढले. दोन गावांमधलं अंतर एका रात्रीत वाढू शकतं, हे अजून जगाला नवीन वाटतं. निपाणीत ते १९५६ पासून माहीत आहे. राज्यांची फेररचना झाली, गाव जागचं हललं नाही आणि मुंबई लांब गेली.

बेळगावहून अमेरिकेला जाण्याचं मनात असलेला सर्वांत थोर प्रवासी मात्र विमानाच्या आधीचा. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले, पुढे वनखात्यातले बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. शिकागोच्या परिषदेचा विषय त्या मुक्कामात निघाला. हरिपद मित्र यांनी वर्गणी गोळा करतो म्हटलं, स्वामींनी नको सांगितलं. भाटे कुटुंबाच्या आठवणींत एक बारीकशी गोष्ट आहे, मला ती फार जवळची वाटते. जेवण झाल्यावर स्वामींनी पान-सुपारी मागितली आणि मग जरा खायची तंबाखूही मागितली. संन्यासी तंबाखू मागतो म्हटल्यावर घरची मंडळी चपापली. ती तंबाखू कुठली होती ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण निपाणी इतकी जवळ असताना बेळगावच्या वकिलाच्या घरी दुसरीकडची कशाला येईल, असं मी आपलं धरून चालतो. पुढं ३१ मे १८९३ ला ते मुंबईहून बोटीने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान, व्हँकुव्हर करत आणि शेवटी आगगाडीने, जुलैच्या अखेरीस शिकागोला पोचले. दोन महिने. तिथं गेल्यावर कळलं की परिषद ११ सप्टेंबरला आहे. म्हणजे लवकर पोचले! हा प्रवास आत्याला सांगितला तेव्हा तिने मान डोलावली. मुक्काम भरपूर होते.

आम्ही उभयता २०२३ च्या मे महिन्यात गेलो, ती हकिकत याच्यापुढे अगदीच किरकोळ. तरी सांगतो, कारण हिशेब पुरा करायचा आहे.

पहाटे पाचला घराला कुलूप घातलं. कुलूप ओढून बघणं, परत येऊन गॅस बघणं, पुन्हा कुलूप ओढणं, यात दहा मिनिटं. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती करत बेळगाव, तिथून रिक्षाने सांबरा. सांबऱ्याची नवी इमारत २०१७ ची, लग्नाच्या कार्यालयापेक्षा थोडी मोठी आणि तितकीच आपुलकीची. तिथं आमच्या सामानाचं वजन झालं. पुढच्या मोठ्या विमानाला माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा चालणार होत्या, पण तिकिटं वेगवेगळी काढलेली, आणि बंगळूरपर्यंतच्या विमानाला माणशी पंधराच. आमच्या बॅगा बोलू लागल्या. बायकोने फरशीवर बसून बॅग उघडली. शेंगदाण्याची चटणी दोन किलो, मेतकूट, गोकाकचा करदंट, बेळगावचा कुंदा, लोणच्याची बरणी तिच्या लुगड्यात गुंडाळलेली आणि सगळ्यांत तळाशी, माझ्यापासून लपवलेला, लोखंडी तवा.

"तवा कशाला? तिकडं तवे मिळत नाहीत?"

"ह्या तव्यावर त्याला भाकरी करून घातलीय."

यावर भूगोल काय बोलणार? तवा गेला, माझी पुस्तकं राहिली. कुंदाही राहिला. रिक्षावाला अजून बाहेर उभा होता, त्याच्या हातात डबा दिला तर तो म्हणाला, "काय सर, बेळगावच्या माणसाला कुंदा देउलालाय?" पण घेतला. मग बंगळूर. तिथून सोळा तासांचं ते विमान. मध्यरात्री कधीतरी समोरच्या पडद्यावर नकाशा पाहिला. विमान नकाशातल्या एका ओळीवर मुंगीसारखं चाललं होतं, खाली नुसता बर्फाचा पांढरा रंग आणि एकाही गावाचं नाव नाही. बाहेर उणे पन्नास, आत बायको चटणीचा डबा नीट बसलाय का या चिंतेत जागी. चहा दोनदा आला, दोन्ही वेळा कोमट. आत्यासाठी नोंद करून ठेवली.

सॅन फ्रान्सिस्कोला रांग, शिक्के, मेतकुटाच्या पुड्याला एका अधिकाऱ्याने नाक लावून बघणं आणि मग मोटारीने मुलाचं घर. दारात चप्पल काढली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजले होते. तारीख तीच! पहाटे पाचला निघालो, रात्री आठला पोचलो. पंधरा तास. यंत्राच्या पावणेसतरा तासांपेक्षाही कमी, आणि वर एस.टी., रिक्षा, कुंदा सगळं धरून! मी ही विजयाची बातमी मुलाला सांगितली. त्याने शांतपणे साडेबारा तासांचा फरक मिळवला. साडेसत्तावीस तास. परत येताना तेच साडेबारा तास सव्याज वसूल झाले आणि आमचा एक मंगळवार कुठं गेला, तो अजून सापडलेला नाही. बायकोचा त्या दिवशी उपवास असतो. तो धरायचा की सोडायचा, यावर पॅसिफिक महासागराच्या वर आमचं भांडण झालं. ते मी जिंकलो नाही.

तवा मात्र तिकडंच राहिला. मुलगा म्हणतो, भाकरी येत नाही, पण डोसा छान होतो.

आता तो येतोय. यावेळी मुंबईमार्गे, मुंबईहून उजळाईवाडी, आणि तिथून घर तीस-पस्तीस किलोमीटर. नातवाने पुन्हा फोन काढला आणि सगळे आकडे मिळवून एक बेरीज सांगितली. आत्याने ती ऐकून घेतली आणि विचारलं, "जेवायला यील का संध्याकाळच्या चहाला?" मला उत्तर देता येईना. १३,८०० किलोमीटरचं मी सांगू शकतो, शेवटच्या पस्तीसचं सांगणं अवघड. म्हणून आज सकाळी स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचारून आलो. दूधगंगेला पाणी बेताचं आहे आणि कोगनोळीला दोन्हीकडच्या गाड्या चालू आहेत.